डेलियाचा पट्टा

आवाज चढवणं माझ्या स्वभावातच नाही. आमच्या घरात दूधसुद्धा दबकत उतू जातं, असं नणंद म्हणते. त्यामुळे चाळीस दिवस, उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मौन, हे व्रत माझ्या डाव्या हातचा मळ आहे असं मी खुशाल समजून चालले.

व्रत ह्यांच्यासाठी होतं. वजनमापे खात्यातून निवृत्त झाल्यापासून हे खुर्चीत असे बसत, की खुर्ची पुसताना ह्यांनाही पुसावं का, असा मला प्रश्न पडे. देवाला म्हटलं, ह्यांचं मन कशात तरी रमू दे.

दहाव्या दिवशी अंगणातल्या डेलियाने रंग दाखवायला सुरुवात केली. त्याचा गोल देठ चपटा होत होत कमरेच्या पट्ट्यासारखा झाला. टोकाला पाच-सहा कळ्या एकमेकींना चिकटून एकच लांबोडकी कळी झाली, कपडे घासायच्या ब्रशसारखी. हे खुर्चीतून उठले आणि फूटपट्टी घेऊन आले.

"अगं, काल चार सेंटिमीटर होता, आज साडेचार!"

मग रोज मोजमाप, रोज वहीत नोंद. हे चक्क शीळ घालू लागले. बागप्रेमी मंडळाला पत्र गेलं आणि मंडळाची माणसं नेमकी चाळिसाव्या दिवशी चार वाजता यायची ठरली.

नणंद शेजारीच राहते. तिला डेलियाचं हे रूप बघवेना.

"दादा, हा रोग आहे. माझ्या गुलाबांना लागला म्हणजे?"

"कोंबाची वाढ बिघडली की होतं असं," हे पुस्तकात बघून म्हणाले. "बहुतेक वेळा लागत नाही."

"बहुतेक म्हणजे?"

चाळिसाव्या दिवशी हे मित्राकडे भिंग आणायला गेले आणि नणंद फाटकातून आत आली. मागे नर्सरीवाला, खांद्यावर फावडं.

"दादा नाही ना? बरं झालं. हे बघा, मुळासकट काढायचं."

मी धावत आडवी आले. खिडकीतून देवघरातलं घड्याळ दिसत होतं. बाराला दहा कमी. मी दोन्ही हात पसरले.

"एवढा रुंद खड्डा? घेतो की," नर्सरीवाला म्हणाला.

मी हात जोडले.

"नमस्कार कसले करता ताई, आमचं कामच आहे ते."

आत जाऊन कागदावर लिहून आणलं, 'काढू नका.' त्याने कागद लांब धरला, जवळ धरला. "चष्मा दुकानात राहिला." मी कागद नणंदेला दिला. तिने तो नीट वाचला, घडी घालून मुठीत दाबला आणि म्हणाली, "वहिनी म्हणतात, लवकर आटपा."

बाराला पाच कमी. फावडं मातीत रुतलं. एकीकडे चाळीस दिवसांचं मौन, दुसरीकडे ह्यांची शीळ.

"थांबा!"

तो आवाज माझा होता, हे मला नंतर कळलं. छपरावरची कबुतरं उडाली, नणंद कुंडीवर बसली, आणि नर्सरीवाल्याच्या हातून सुटलेलं फावडं थेट देठावर पडलं. कट्कन तुकडा.

"एवढंच होतं तर आधी सांगायचं ना, ताई," तो म्हणाला.

मी पायरीवर बसून रडू लागले. तेवढ्यात हे भिंग घेऊन आले.

"डेलियाही गेला आणि तुमच्यासाठी धरलेलं व्रतही," मी म्हटलं. "शेवटची पाच मिनिटं राहिली होती हो."

ह्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. वजनमापेवाल्याचं घड्याळ ते, चुकायची प्राज्ञा नाही. "पाच मिनिटं कसली? बारा वाजून दहा मिनिटं झालीत."

तेव्हा आठवलं. चुकून आधी बोलले जाऊ नये, म्हणून पहिल्याच दिवशी देवघरातलं घड्याळ मीच माझ्या हाताने पंधरा मिनिटं मागे लावलं होतं. मी ते ह्यांना सांगून टाकलं.

हे तुटका देठ बादलीतल्या पाण्यात उभा करत होते. "म्हणजे हा माणूस आत शिरला तेव्हा तुला बोलता येत होतं? मग गप्प का राहिलीस?"

ह्या एका प्रश्नावर माझं मौन अजून चालू आहे.