बेचाळीस पिवळे दगड

सकाळी आठपासून उज्ज्वला वाघ नदीच्या पात्रात पिवळे दगड शोधत होती. दहा वाजले तरी तिला एकही सापडला नव्हता. मे महिन्यात तिने आणि हरेशने असे बेचाळीस दगड नदीत ओळीने मांडले होते. प्रत्येकाला पिवळा रंग, वर काळा आकडा. पावसाळ्यात नदी कोणता दगड कुठवर नेते, ते दिवाळीनंतर येऊन मोजायचं, म्हणजे पात्र कसं बदलतं ते कळेल, असा बेत होता. उज्ज्वला पुण्याच्या एका संशोधन संस्थेतली, हरेश जव्हारला कॉलेजात भूगोल शिकवणारा. दोघांच्या या प्रकल्पाला पुढची वर्षं मिळणार की नाही ते शुक्रवारच्या बैठकीत ठरायचं होतं, आणि आज बुधवार होता.

“इतका मोठा पूर आला होता का?” तिने विचारलं.

“सगळे दगड नेण्याइतका आला असता, तर पाडाही गेला असता, मॅडम,” हरेश म्हणाला. “पाडा तर समोर दिसतोय.”

म्हणून दोघं चढ चढून पाड्यावर चौकशीला गेले. पहिलंच घर फागीचं. पन्नाशीची फागी नदीत खेकडे धरायची. मे महिन्यात दगड मांडताना ती काठावर बसून सगळं बघत होती. आता तिच्या ओट्यावर, कुडाच्या भिंतीला लागून, स्वच्छ धुतलेले पिवळे दगड ओळीने लावलेले होते.

“घ्या तुमचे दगड,” फागी म्हणाली. “पुरानं कुठच्या कुठं नेले व्हते. पाणी उतरलं तसा आठ दिवस एकेक हुडकून आणला. एवढा रंग दिलेला, वाया कशाला घालवायचा.”

उज्ज्वलाच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि तिथेच अडकलं. दगड मिळाले होते, पण मोजायच्या जागा गेल्या होत्या. बाईने आठ दिवस दगड वाहिले होते. तिच्यावर रागवायचं तरी कसं?

हरेशने मोजले. एकोणचाळीस भरले.

“एक कोंबड्यांच्या खुराड्याला टेकण लावलाय,” फागी म्हणाली. “एक आमच्या माघ्यानं वेशीवर देवाशेजारी ठेवला.”

“आकडा व्हता वर,” तिचा नवरा माघ्या आतून म्हणाला. “म्हटलं सरकारी असंल, नीट जागी ठेवावा. आता शेंदूर लागलाय, तो काय हलवता येणार नाय.”

“आणि बेचाळिसावा?” हरेशने विचारलं.

“तो निघालाच नाय. डोहात वाळूखाली हाय, हातभर खोल. खेकडं धरताना लागला. एका अंगानं चपटा हाय, तोच.”

उज्ज्वला एकदम उभी राहिली. तिघं डोहावर गेले. फागीने दाखवलेल्या जागी हरेशने खांद्यापर्यंत हात घातला, बराच वेळ चाचपडला आणि एका अंगाने चपटा असा पिवळा दगड वर काढला. सतरा नंबर. फागीला आकडे वाचता येत नव्हते. ती दगड ओळखत होती.

“फागीताई, बाकीचे कुठे कुठे होते, आठवतं?” उज्ज्वलाने विचारलं.

“आठवायचं काय त्यात? मीच आणले ना.”

मग दुपारभर उलटी वरात निघाली. ओट्यावरचे दगड आणि खुराड्याचं टेकण पाट्यांत भरून पुन्हा नदीत आले. फागी पुढे चालायची, जागेवर थांबायची, दगड मागायची आणि ठेवायची. काही ठिकाणी खडीत दगडाचा खळगा तसाच होता, आणि दगड त्यात डब्याच्या झाकणासारखा घट्ट बसायचा. हरेश टेप धरून अंतर लिहीत होता. तरी उज्ज्वलाच्या मनाची खात्री होईना. तिने मुद्दाम दुसराच दगड पुढे केला.

“हा इथलाच ना?”

फागीने दगड हातात फिरवला. “हा वरल्या खडकाजवळचा. बाय, माझी परीक्षा घेते कं?”

उज्ज्वलाने कान पकडले. शेंदूर लागलेल्या दगडाच्या जागी फागीने आपली खेकड्यांची टोपली ठेवली, आणि उन्हं कलायच्या आत बेचाळीस जागा मोजून झाल्या.

“आता माझा बघा,” फागी म्हणाली आणि पुढे चालू लागली.

नदीच्या वळणावर, गोट्यांत अर्धी रुतलेली जात्याची खालची तळी होती. मध्ये खुंट्याचं भोक स्पष्ट दिसत होतं.

“काठावर धुवायला ठेवलं व्हतं जातं, पुरानं नेलं. चौदा वर्षं झाली. वरची तळी गेली ती गेलीच. ही दुसऱ्या साली न्यायला आले, तं जागेवरून सरकलेली. म्हटलं, बघू तरी कुठवर जाते. तवापासून दर साली बघते.” तिने नदीच्या वरच्या अंगाला हात केला. “पयल्या साली त्या उंबराशी. दुसऱ्या साली जरा खाली. मंग तीन सालं हललीच नाय. पुढल्या साली एका पुरात पार खडकापर्यंत.”

हरेशच्या हातातला टेप खाली लोंबत राहिला. उज्ज्वलाने वहीचं कोरं पान उघडलं, गोट्यांवर बसकण मारली आणि म्हणाली, “ताई, पहिल्यापासून सांगा. सावकाश.”

शुक्रवारच्या बैठकीत समितीच्या अध्यक्षांनी नकाशा डोळ्यांजवळ नेला. “या एका दगडाच्या नोंदी चौदा वर्षांच्या आहेत. तुमचा प्रकल्प तर मे महिन्यात सुरू झाला ना?”

“प्रकल्प फागीताईंचा आहे, सर,” उज्ज्वला म्हणाली. “आम्ही त्यात मे महिन्यात सामील झालो.”