मंगळवारची हाक

एका जंगलात, बाळांनो, हाक देण्याचे काम पिढीजात होते. मोहाच्या सर्वांत उंच झाडावर एक वानर बसे. वाघाची चाहूल लागताच तो खाकरल्यासारखी कोरडी हाक देई, आणि खाली चरणारी चितळे पळून जात. एरवी तो वरून कोवळा पाला टाकी आणि चितळे तो खात. अभ्यासक या व्यवहाराला सहजीवन म्हणतात. जंगलात त्याला शेजार म्हणत.

आमच्या कथेच्या काळी हे काम गंभीरराव नावाच्या वृद्ध वानराकडे होते. त्याच्या आजाने एकही हाक चुकवली नव्हती आणि बापाने एकही खोटी दिली नव्हती. आपल्या हयातीत कळपातले एकही चितळ जाऊ नये, एवढीच त्याची इच्छा होती.

पुढे राजाने ते जंगल राष्ट्रीय वन म्हणून जाहीर केले. डोंगरावर भटकंतीसाठी पायवाटा आखल्या गेल्या, दरीच्या कडेने निसर्गदर्शनाचा रस्ता झाला. उघड्या जिपांतून माणसे येऊ लागली. ही मंडळी टेकडी चढून धापा टाकीत, दृश्य फार सुंदर असल्याचे एकमेकांना सांगत, आणि वाघ साधारण किती वाजता येतो असे वाटाड्याला विचारीत.

वाटाडे मात्र जाणते होते. गंभीररावाची हाक कानी पडली की ते इंजिन बंद करीत, ओठांवर बोट ठेवीत, दिशा हेरीत. मग पंधरा जिपा एकदमच त्या दिशेला धुरळा उडवीत धावत. तो गलका ऐकून वाघीण वैतागून बांबूच्या बेटात निघून जाई.

चितळांनी यावरून अनुमान काढले. हाक आली की जिपा येतात. जिपा आल्या की वाघीण जाते. मग पळण्याचे प्रयोजन काय? हळूहळू ती हाक ऐकताच रस्त्याकडे तोंड करून उभी राहू लागली. कळपाचा म्होरक्या शिंगाडे पाटील तर फोटोसाठी आपली उजवी बाजू पुढे करी.

गंभीररावाने त्याला परोपरीने समजावले की पायांची सवय मोडू देऊ नये.

पाटील हसला. "तात्या, तुम्ही आपलं ओरडायचं काम करा. आमचं पळायचं काम सरकारनं कंत्राटावर दिलंय."

एका मंगळवारी वाघीण आली. गंभीररावाने हाक दिली. चितळे रस्त्याकडे वळली. जीप आली नाही. त्याने पुन्हा हाक दिली. रस्त्यावर धूळसुद्धा हलली नाही.

"पाटील, पळा," तो फाटक्या आवाजात म्हणाला. "मंगळवारी वन बंद असतं. आज कुणी यायचं नाही."

"एखादी तरी येईलच," पाटील मान न वळवता म्हणाला.

वाघीणही क्षणभर थांबली. तिनेही सवयीने एकदा रस्त्याकडे पाहिले. मग पाटलाकडे पाहिले. तो उजवी बाजू पुढे करून उभाच होता.

सायंकाळी उरलेल्या चितळांची सभा भरली. आता तरी ही पळायला शिकतील, अशी गंभीररावाची समजूत होती. तेवढ्यात पाटलाची विधवा गोदाकाकू पुढे आली.

"सुट्टीच्या दिवशी हाक द्यायचं तुम्हाला कुणी सांगितलं होतं, तात्या?" तिने डोळे पुसत विचारले. "तुम्ही ओरडला नसता, तर हे उभे राहिलेच नसते."

गंभीररावाने पुष्कळ विचार केला. पण तर्काच्या दृष्टीने हे विधान त्याला खोडता येईना.

त्याला मोहावरून उतरवण्यात आले. त्याच्या जागी नेमलेला वानर सकाळी सहा ते दहा आणि दुपारी तीन ते सहा नियमाने हाक देतो, वाघीण असो वा नसो. मंगळवारी तो झोपतो. वाघीण मंगळवारी जेवते. त्यानंतर हाकेविषयी एकही तक्रार आलेली नाही.

तात्पर्य : धोक्याची सूचना देणाऱ्याने धोका खरा आहे की नाही, या खोलात शिरू नये. आज वार कोणता, एवढे पाहावे.