पाच हजाराला तीन कमी

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मायमू लेपासारनं संगणकावरचा आकडा पाहिला, चष्मा काढून स्वेटरला पुसला आणि पुन्हा पाहिला. डाग चष्म्यावर नव्हता, आकड्यातच होता. चार हजार नऊशे सत्त्याण्णव.

"काल्यो," तिनं शेजारच्या खोलीत हाक मारली, "आपण तीन माणसं हरवली."

परगण्याचे प्रमुख काल्यो तूलिंग कॉफीचा मग घेऊन दारात आले. "हरवली म्हणजे? नाताळला तर पाच हजार दोन होते ना."

"दोघं वारले, तिघं फिनलंडला गेली."

"सणासुदीला लोकांना काय सुचेल सांगता येत नाही," काल्यो म्हणाले, आणि ते नेमके कुणाबद्दल बोलले, वारलेल्यांबद्दल की गेलेल्यांबद्दल, हे मायमूनं विचारलं नाही.

सरकारनं फर्मान काढलं होतं की पाच हजारांच्या खाली माणसं असलेला परगणा हा परगणाच नव्हे, त्याला शेजाऱ्याच्या पदरात टाकावं. मोजणी एक जानेवारीची धरायची. आज तीस डिसेंबर, शुक्रवार. कचेरी दुपारी तीनला बंद होणार ती थेट नव्या वर्षात उघडणार. म्हणजे तीनच्या आत तीन माणसं मिळाली नाहीत तर सिनियार्वे परगण्याची पाटी उतरणार आणि नोंदवही शेजारच्या कोर्गेमाए परगण्याला जाणार. तिच्याबरोबर मायमू मात्र जाणार नव्हती. कोर्गेमाएत त्यांची स्वतःची नोंदणीबाई होती, हेल्गी. नखं रंगवलेली. सत्तावीस वर्षं नोंदणीच्या एकाच टेबलाशी घालवल्यावर त्या नखांपुढे हरणं मायमूला मंजूर नव्हतं.

"सिनियार्वेचा माणूस सिनियार्वेचाच राहील," काल्यो छाती फुगवून म्हणाले. हे वाक्य ते मध्य उन्हाळ्याच्या सणाच्या शेकोटीपाशी, शाळेच्या समारंभात आणि अंत्ययात्रेतही म्हणत. अंत्ययात्रेत ते जास्त शोभायचं.

मायमूनं आधी तळ्याकाठी उन्हाळी घरं असलेल्या शहरी लोकांना फोन लावले. एकूण एकोणीस. सगळ्यांचं सिनियार्वेवर जिवापाड प्रेम होतं.

"अगं, माझा आत्मा तिथंच आहे," एक बाई म्हणाल्या.

"आत्मा नको, पत्ता द्या," मायमू म्हणाली.

"पण मग ट्रामचं काय?"

प्रत्येक फोन इथंच येऊन आपटायचा. राजधानीच्या नोंदवहीत नाव असलं की राजधानीतली ट्राम फुकट. आत्मा सिनियार्वेत, बूड ट्राममध्ये.

मग काल्योंना कल्पना सुचली. काल्योंना कल्पना सुचली की मायमू आपोआप खुर्चीचा हात घट्ट धरायची. त्यांनी परगण्याच्या संकेतस्थळावर मोठ्या अक्षरांत टाकलं: आज जो सिनियार्वेचा नवा रहिवासी होईल, त्याला एक गाडी सुकी बर्चची लाकडं भेट.

पहिला आला एन्डेल. हा म्हातारा तीस वर्षं दलदलीपलीकडे स्वतः बांधलेल्या सॉनाघरात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, राहत होता आणि कुठल्याच वहीत नव्हता. बुटांवरचा बर्फ झटकत तो टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"लाकडं," एन्डेल म्हणाला.

"पत्ता?"

"सॉना."

मायमूनं नकाशा उघडला आणि चष्मा नाकावर घट्ट बसवला. परगण्याची हद्द एन्डेलच्या सॉनाच्या बरोबर मधून जात होती. "एन्डेलकाका, तुम्ही झोपता कुठं?"

"खाटेवर."

"अहो, खाट कुठं? डोकं कुठल्या बाजूला?"

"डोकं कोर्गेमाएत. पाय इकडं. पायाशी चूल आहे."

"माणूस डोकं असतं तिथला धरतात. खाट फिरवा."

"मग पाय गारठतील."

"लाकडं मिळणार आहेत ना. हवी तेवढी जाळा."

एन्डेलनं त्यावर पुरती पाच मिनिटं विचार केला. त्याच्या आयुष्यातला हा पहिलाच एवढा मोठा स्थलांतराचा प्रसंग होता. मग त्यानं सही केली. चार हजार नऊशे अठ्ठ्याण्णव.

मायमूनं स्वतःला एक आल्याचं बिस्किट बक्षीस दिलं. ते अजून दाताखालीच होतं तेवढ्यात वायके प्लोम पायानं ढकलायची घसरगाडी दारातच टाकून तरातरा आत आली. वायके मायमूची शेजारीण. जन्मल्यापासून सिनियार्वेत, आणि तेही एकाच घरात.

"एन्डेलला लाकडं दिलीस म्हणे."

"तो नवा रहिवासी आहे, वायके."

"आणि मी काय? एकसष्ट वर्षं या परगण्यात थंडी काढली मी. कुणी एक ढलपी दिली का मला? तीस वर्षं लपून बसलेल्याला गाडीभर, आणि इमानानं राहिलेल्याला ठेंगा?"

"नियमात नव्याला म्हटलंय गं."

"नव्याला ना? बरं." वायके एकदम गोड हसली. मायमूला ते हसणं शाळेपासून माहीत होतं. त्यानंतर नेहमी काहीतरी फुटायचं.

वीस मिनिटांनी संगणकावरचा आकडा एकानं उतरला. वायकेनं घरी जाऊन स्वयंपाकघरात बसल्या बसल्या ओळखपत्र संगणकाच्या खाचेत घातलं होतं आणि आपला पत्ता कोर्गेमाएत राहणाऱ्या बहिणीकडे हलवला होता. तिकडची हेल्गीही भलतीच तत्पर, अर्ज आला तसा तिनं मंजूर केला. बेत सरळ होता. आता जायचं, जेवण झाल्यावर परत यायचं, म्हणजे आपण नव्या. आणि बेत इतका सरळ होता की वायकेनं तो दुकानात, टपाल कचेरीत आणि गायनमंडळातल्या बायकांना सांगितला. बारा वाजेपर्यंत आणखी पाच जणींनी चुलीवरच्या आंबट कोबीला एका हातानं ढवळत दुसऱ्या हातानं परगणा सोडला.

चार हजार नऊशे ब्याण्णव.

"हे काय चाललंय?" काल्यो किंचाळायचेच बाकी होते. "चढायचं सोडून हा आकडा उतरतोय कसा?"

"तुमच्या लाकडांनी उतरतोय," मायमू म्हणाली आणि फोन उचलला. "वायके, आत्ताच्या आत्ता परत ये."

"येते गं. पण कोर्गेमाएच्या प्रमुखांनी आम्हा सहाही जणींना इथं जेवायलाच बोलावलंय, नव्या रहिवासी म्हणून. धुरावलेला मासा आहे. हेल्गीनं काय सुंदर नखं रंगवलीत गं."

मायमूनं डोळे मिटले, दहा आकडे मोजले आणि मग अशा आवाजात बोलली की पलीकडे मासा ताटात परत गेला असावा. "वायके प्लोम. तू दोन वाजेपर्यंत त्या पाच जणींना घेऊन इथं आली नाहीस, तर तुझं ते गाजलेलं मुरंबा-बक्षीस खरं तर कुणाच्या मुरंब्याला मिळालं होतं, ते मी गायनमंडळात सांगेन."

"दीडलाच येतो आम्ही," वायके म्हणाली.

पण येणाऱ्या सहाही जणी आता कागदोपत्री नव्या होत्या आणि प्रत्येकीला गाडीभर लाकडं हवी होती. परगण्याकडे होत्या तीन गाड्या, त्यातली एक एन्डेलनं नेलेली. दोन वाटल्या. तिसरीला काल्योंच्या अंगणातला ढीग गेला, चौथीला त्यांच्या सॉनाचा. पाचवीला शाळेनं उसने दिले. सहावी वायके, तिच्यासाठी कचेरीच्या तळघरातलं सरपण झाडून पुसून काढलं. कचेरीतली चूल विझली. काल्यो टोपी घालून बसले, मायमूनं टेबलाखाली उरलेल्या एकुलत्या एका ओंडक्यावर पाय ठेवले आणि सह्या घेत सुटली.

सहा जणी परत. चार हजार नऊशे अठ्ठ्याण्णव. वायकेच्या मागून तिची कोर्गेमाएची बहीण साल्मे आत आली.

"तुला काय हवंय?"

"मीही इकडेच येते. हिच्याशिवाय करमत नाही. लाकडं संपली असतील तर हिचीच घेईन."

"माझी?" वायके म्हणाली.

"सही कर, साल्मे," मायमू म्हणाली. चार हजार नऊशे नव्याण्णव.

बायका गेल्या. घड्याळात पावणेतीन. काल्यो खिडकीपाशी उभे राहून रिकाम्या रस्त्याकडे बघत होते. खांदे पडलेले. "एक माणूस, मायमू. एवढ्या मोठ्या परगण्यात एक जास्तीचा माणूस नाही. सिनियार्वेचा माणूस..." वाक्य त्यांनी अर्ध्यावरच सोडलं.

त्या अर्ध्या वाक्यानंच मायमूच्या डोक्यात काहीतरी हललं. काल्योंची बायको सिल्व्हिया राजधानीत दातांची डॉक्टर. दर शुक्रवारी काल्यो तिकडे जायचे. मायमूनं हळूच एक नाव टाइप केलं. पडदा क्षणभर विचारात पडला आणि मग त्यानं खरं काय ते सांगितलं.

"काल्यो," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "नवव्या मजल्यावरून समुद्र दिसतो का हो?"

काल्योंनी मान वळवली नाही. पण टोपीखालचे कान लाल व्हायला लागले.

"सिल्व्हियानं हलवला माझा पत्ता," थोड्या वेळानं ते म्हणाले. "चार वर्षांपूर्वी. म्हणाली, ट्राम फुकट आहे."

"किती वेळा बसलात?"

"एकदा." ते थांबले. "उलट्या दिशेच्या ट्राममध्ये."

मायमूनं अर्ज पुढे सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं. काल्योंनी ओळखपत्र काढलं, आजूबाजूला कुणी नाही ना पाहिलं आणि सही केली. दोन वाजून चोपन्न मिनिटांनी सिनियार्वे परगणा पाच हजारांचा झाला.

दोघांच्याही तोंडातून वाफ निघत होती. हिवानं हात चोळत काल्यो घुटमळले, घसा खाकरला.

"मायमू, नियमानं बघितलं तर... नवा रहिवासी म्हणजे मीही..."

मायमूनं पाय बाजूला घेतले, वाकून टेबलाखालचा ओंडका उचलला, त्यावरची धूळ स्वेटरच्या बाहीनं पुसली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"इथं सही करा," ती म्हणाली. "मिळाल्याची."