सत्तेचाळीस, हिस्सा दोन

टिपणीसांच्या खोलीत पाऊल टाकणाऱ्याच्या हाती पाण्याच्या भांड्याआधी भिंग यायचं. बसा वगैरे नंतर. आधी त्या भिंगातून गॅलरीच्या कठड्याला सुतळीनं टांगलेल्या आंब्याच्या सालीकडे पाहायचं, आणि पाहताना श्वास रोखून धरायचा. श्वास कशाला, असं मी पहिल्या दिवशी विचारलं, तर ते गंभीरपणे म्हणाले, "फूल मोहरीएवढं आहे. तुमच्या नाकातला वारा म्हणजे त्याला वादळ." मी श्वास रोखला, एक डोळा मिटला आणि दोन मिनिटं अत्यंत आदरानं एका मुंगीकडे पाहत राहिलो. फूल दोन बोटं डावीकडे होतं.

ठाण्यात, खोपट भागातल्या एका दुमजली घरात आम्ही राहत होतो. स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. वरच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं. एकात मी, माझी बायको सुमती आणि माझी विधवा आत्या. मी कल्याणच्या एका शाळेत मास्तर होतो. जिना शिडीसारखा उभा, आणि आत्याचे गुडघे धरलेले, त्यामुळे ती दोन वर्षांत खाली उतरली नव्हती. तिचं सगळं जग म्हणजे आमच्या दोन खोल्या आणि समाईक गॅलरी. पलीकडच्या खोलीत टिपणीस, एकटे. पन्नाशीचे, सडसडीत, सरकारी मोजणीदार. साखळी घेऊन गावोगाव जमिनी मोजत फिरायचे. जाताना पिशवीत नकाशे असायचे, येताना त्यांच्या जोडीला वाळक्या फांद्यांचे तुकडे आणि त्यांना चिकटलेल्या आमरी, इंग्रजीत ज्यांना ऑर्किड म्हणतात त्या.

झाडाच्या फांदीवर आमरी उगवते, एवढं मलाही ठाऊक होतं. पण टिपणीसांना मोठ्या, देखण्या आमरी नको असत. त्यांना हव्या असत त्या काडेपेटीत अख्खं झाड मावेल अशा. कुणाची पानं मेथीएवढी, कुणाची तर नुसती हिरवी टिकली. ती ते आंब्याच्या सालीवर, नारळाच्या सोडणावर, कोळशाच्या तुकड्यावर दोऱ्यानं बांधत आणि महिनोन् महिने वाट पाहत बसत.

या झाडांना त्यांनी नावं ठेवली नव्हती. ज्या जमिनीवरून झाड आणलं, तिचा सर्व्हे नंबर हेच त्याचं नाव. सकाळी दात घासता घासता ते मला बातम्या द्यायचे. एकशे बारा रुसलंय. अठ्ठ्याऐंशीला नवीन मूळ आलं. एकदा त्यांना भेटायला आलेला एक शेतकरी जिन्यात उभा राहून ऐकत होता. दोनशे सहा आता काही जगत नाही, असं यांच्या तोंडून ऐकलं आणि बिचारा डोक्याला हात लावून पायरीवर बसला. त्याच्या शेताचा नंबर तोच होता.

टिपणीस एका शब्दावर मात्र भडकत, तो म्हणजे बांडगूळ. गॅलरीतल्या त्या काटक्या-सालींना आत्यानं सुरुवातीलाच तो शब्द लावला, तेव्हा त्यांनी अर्धा तास तिला समजावलं. बांडगूळ झाडाच्या अंगात मूळ घालून त्याचा रस पितं. आमरी झाडाचं काही घेत नाही. हवा, दव, पावसाचं पाणी, सगळं स्वतःचं स्वतः मिळवते. "तिला फक्त टेकायला जागा लागते, आत्याबाई. तेवढ्यावरून कुणाला बांडगूळ म्हणायचं का?"

आत्या एरवी उत्तराला कधी कमी पडायची नाही. त्या दिवशी ती कठडा धरून घरात गेली, आणि पुन्हा तो शब्द तिनं वापरला नाही.

म्हणून काही दोघांचं सख्य झालं नाही. कारण होतं पाणी. बादलीनं पाणी घातलं तर ही नाजूक मंडळी कुजतात, म्हणून टिपणीस तोंडात पाण्याची चूळ भरत आणि इस्त्रीवाला कपड्यांवर मारतो तशी फुर्रकन फवारत. अत्यंत बारीक तुषार. वारा खाडीकडून असला की ते तुषार कठड्यावरून आमच्या बाजूला येत, आणि आमच्या बाजूला आत्याच्या कुरडया वाळत घातलेल्या असत. उष्ट्या पाण्यानं कुरडया बाटल्या, असं आत्याचं म्हणणं. आपण आधी दोनदा चूळ भरून तोंड स्वच्छ करतो, हा टिपणीसांचा बचाव. प्रकरण इतकं चिघळलं की एका रविवारी त्यांनी कचेरीतली फूटपट्टी आणून गॅलरी मोजली, बरोबर मध्यावर खडूची रेघ मारली आणि आत्याकडून हद्द कबूल करून घेतली. वाऱ्याला ती हद्द कबूल नव्हती. शेवटी सुमतीनं बाजारातून ढेकणांचं औषध मारायचा एक कोरा पंप आणला आणि तंटा मिटवला. टिपणीस मात्र पुढे कितीतरी दिवस म्हणत होते की पंपाच्या पाण्यात जीव नसतो.

आता सत्तेचाळीस, हिस्सा दोनची गोष्ट. हे झाड कोलशेतचं. तिथं एक जुना आंबा पडला होता आणि टिपणीस त्याच जमिनीची मोजणी करत होते. त्यांनी साखळी खाली टाकली आणि पडलेल्या फांदीवर चढून बसले. जमिनीचा मालक म्हातारा आगरी. तो म्हणाला, "सायेब, तुमी जमीन मोजाला आयलाव का पाला नेवाला?" पण माणूस दिलदार होता. त्यानं स्वतः कोयता चालवून ते झाड सालीसकट काढून दिलं, आणि सांगितलं की याचं फूल एका दिवसाचं. सकाळी उघडतं आणि सांजेला मिटतं. मग परत केव्हा, ते त्याचं त्याला ठाऊक.

टिपणीसांनी चार वर्षं वाट पाहिली. चार पावसाळे त्या झाडानं नवी पानं काढली आणि फुलाचं नाव काढलं नाही. पाचव्या वर्षी आषाढात एक कळी दिसली. टिपणीसांचं चालणं बदललं. ते गॅलरीत चवड्यांवर चालू लागले आणि आम्हालाही चालायला लावलं. त्यांनी कळी रोज मोजली, आकडेमोड केली आणि ती रविवारी उमलणार असं जाहीर केलं. खालच्या मजल्यावरच्या सगळ्यांना रविवारी सकाळी पोह्यांचं आमंत्रण गेलं. मला पाच-सहा पाट उसने द्यायला सांगितलं. आत्यानं एवढ्याशा कळीसाठी केवढं हे बारसं म्हणून नाक मुरडलं, पण पोह्यांना लागणारा नारळ आपण खवून देऊ, असंही सांगून टाकलं.

शुक्रवारी मी नेहमीप्रमाणे पहाटे शाळेला गेलो. सुमतीचे दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. तिची आई पुढल्या सोमवारी चिपळूणहून यायची होती. साडेदहाच्या सुमाराला शाळेत निरोप आला की सुमतीला प्रसूतिगृहात नेलं आहे. मी धावतपळत ठाण्याला पोचलो, तेव्हा बाकावर टिपणीस बसले होते. अंगात कचेरीचा कोट, पायात दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या चपला.

नर्सकडून मला कळलं ते असं. सकाळी आठला सुमतीला कळा सुरू झाल्या. आत्यानं हाक मारली. टिपणीसांनी रस्त्यावर जाऊन टांगा आणला, सुमतीला एकेक पायरी धरून उतरवलं आणि इथं आणलं. मूल आडवं होतं. डॉक्टरीणबाई मोठ्या हिकमतीच्या होत्या, पण त्यांनीही वेळ लागेल, धीर धरा, एवढंच सांगितलं होतं.

मी टिपणीसांना म्हटलं, काका, आता मी आलोय, तुम्ही घरी जा. ते हलले नाहीत. दुपारी पुन्हा म्हटलं. त्यांनी बाहेर जाऊन माझ्यासाठी चहा आणला आणि पुन्हा तिथंच बसले. चार वाजता आतून सुमतीचा आवाज आला आणि मी उठून येरझाऱ्या घालू लागलो. तेव्हा ते, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "आमच्या घरी हे झालं तेव्हा मी शहापूरकडे मोजणीवर होतो. तार पोचली तिसऱ्या दिवशी. ती शेवटपर्यंत विचारत होती म्हणे, बाहेर कुणी आहे का."

इतकी वर्षं शेजारी राहून त्यांना कधी बायको होती, हे मला माहीत नव्हतं. मी त्यांच्याशेजारी बसलो.

सहा वाजता मुलगी झाली. सुमती सुखरूप होती. नर्सनं मुलगी दुपट्यात गुंडाळून बाहेर आणली आणि मी हात पुढे केले, पण ते प्रसाद घ्यायला करावेत तसे, त्यामुळे तिनं ती टिपणीसांकडे दिली. त्यांनी श्वास रोखून धरला होता.

सुमतीला झोप लागल्यावर आम्ही घरी आलो. दिवे लागले होते. आत्या जिन्याच्या तोंडाशी, कठड्याला धरून उभी होती. मी खालूनच मुलगी झाल्याचं आणि दोघी ठीक असल्याचं सांगितलं. तिनं हात जोडले, पदरानं डोळे पुसले. मग टिपणीस वर पोचले तशी ती त्यांना म्हणाली, "तुमचं सत्तेचाळीस आज फुललं होतं."

"माहीत आहे," टिपणीस म्हणाले.

सकाळी आठ वाजता, आत्याची हाक आली तेव्हा, ते त्या कळीसमोरच उभे होते. दिवसभर माझ्याशेजारी बाकावर बसून त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मी माफीसारखं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी ते ऐकलंच नाही. ते आमच्या उंबऱ्यावर बसले.

"मी निघालो तेव्हा एक पाकळी सुटली होती, आत्याबाई. त्याच्यापुढचं सांगा."

आत्याही भिंतीला टेकून हळूच खाली बसली. तिनं सांगायला सुरुवात केली. बाकीच्या पाकळ्या नऊच्या आत सुटल्या. रंग पांढरा, पण दुधासारखा नव्हे, थिजलेल्या तुपासारखा. मधे पिवळी जिभली, आणि तिच्या कडेला मुरड, करंजीला घालतो तशी, पण कुठल्या बाईच्या हाताला जमणार नाही इतकी बारीक. दुपारी चिमण्या आल्या, त्या तिनं हाकलल्या. ऊन सरकलं तसं कठड्यावर लुगडं टाकून सावली केली.

"तुम्ही दिवसभर तिथं बसलात?" टिपणीसांनी विचारलं.

"मग काय करणार? खाली उतरून सुमतीकडे जाता येईना. जीव थाऱ्यावर नव्हता. आणि ते चार वर्षांनी फुललेलं, घरात बघायला कुणी नाही. म्हटलं, आपण तरी बसावं जवळ." थोडं थांबून ती म्हणाली, "तिन्हीसांजेला मिटायला लागलं, तेव्हा देवापुढची समई उचलून तिथं नेली. अंधारात नको म्हणून."

मग आत्या जराशी पुढे सरकली.

"आता तुम्ही सांगा. पोर कशी आहे?"

मुलीचा बाप मी होतो आणि समोरच उभा होतो, पण मला कुणी विचारलं नाही. टिपणीसांनी घसा खाकरला आणि सावकाश, काही सुटू नये अशा बेतानं सांगू लागले. जावळ दाट आहे. रंग आईचा. नाकाचं टोक जरा वर गेलेलं, तुमच्यासारखं. दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या, पण उजव्या मुठीतून करंगळी तेवढी बाहेर आली आहे.

"केवढी?" आत्यानं विचारलं.

टिपणीसांनी आपल्या बोटाचं पेर अंगठ्यानं धरून तिला दाखवलं.