परुळेकरकाकांच्या बोटीचा बॅलन्स

मस्कतमधल्या अल् घुब्र्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये परुळेकरकाकांकडे चहाला गेलं, की चहाच्या आधी वजन व्हायचं. दार उघडून काका तोंडभर हसून "ये, ये" म्हणायचे, आणि चपला काढल्या रे काढल्या की पायाने वजनकाटा पुढे सरकवायचे. "चढ." पाहुणा नवा असो, जुना असो, सुटका नाही. एकदा गीझर दुरुस्त करायला आलेला पंजाबी मिस्त्री हातात पाना घेऊनच चढला. काकांनी त्याला पाना खाली ठेवायला लावून परत चढवला.

माझं वजन तर ते जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करायचे. "ब्याण्णव! अरे कुलकर्णी, तू माणूस आहेस की कंटेनर? तू मागे बस." मागे म्हणजे सोफ्यावर नव्हे. बोटीत मागे. आणि ती बोट तोवर आमच्यापैकी कुणीही पाहिलेली नव्हती.

त्याचं असं होतं, की काकांना खसबला मासे पकडायला जायचं होतं. खसब म्हणजे ओमानचं पार उत्तरेचं टोक. मधे दुसऱ्या देशाची हद्द लागते, म्हणून मस्कतहून फेरीबोटीने जायचं. तिथे समुद्र उघड्याबोडक्या डोंगरांमध्ये आत घुसतो आणि तळ्यासारखा गप्प पडून राहतो. त्या पाण्याच्या अगदी आतल्या काठावर, जिथे रस्ता जातच नाही, तिथे छोट्या बोटीने जायचं, तंबू ठोकायचे आणि गळ टाकून बसायचं, असा काकांचा बेत. मूळचे ते वेंगुर्ल्याचे. "तरणा होतो तेव्हा इथे आलो. समुद्राच्या गावचा माणूस, आणि समुद्र बघितला तो कंपनीच्या बसच्या काचेतून," असं म्हणायचे. येत्या मार्चमध्ये त्यांची साठी पुरी होऊन नोकरी आणि व्हिसा दोन्ही खलास होणार होते. म्हणजे जायचं तर याच थंडीत. पुढची थंडी त्यांना ओमानात मिळणार नव्हती.

मग घोडं अडलं कुठे? बॅलन्सवर!

काकांची हयात क्रेनवर गेली. मस्कतमध्ये माबेल्यापासून अल् खुवैरपर्यंत कुठलीही उंच इमारत दाखवा, तिच्या डोक्यावरचा एसी काकांनी चढवलेला असायचा. "लोड कळल्याशिवाय उचलायचं नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आणि हा नुसता तोंडाचा वारा नव्हता बरं का! आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला बायकोने दोन मजली केक केला, तर काका लांबूनच म्हणाले, "वहिनी, डावीकडे लोड जास्त झालाय." बायकोने मनावर घेतलं नाही. मेणबत्त्या लावेपर्यंत वरचा मजला डावीकडून माझ्या सासऱ्यांच्या मांडीवर उतरला. त्या दिवसापासून मी या माणसापुढे हात टेकले.

दर शुक्रवारी गच्चीवर तालीम असायची. प्लास्टिकच्या खुर्च्या दोन-दोनच्या रांगेत मांडल्या, की झाली बोट. मागे मी, मधे माझी बायको आणि बाकीची मंडळी, सुकाणूला काका, आणि सगळ्यात पुढे काकू. "डावीकडून लाट!" असं काका ओरडले की आम्ही सगळ्यांनी उजवीकडे झुकायचं. कपडे वाळत घालायला आलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या इजिप्शियन बाई पहिल्यांदा आम्हाला बघून ओला टॉवेल तसाच घेऊन खाली पळाल्या. पुढच्या शुक्रवारी मात्र स्वतःची खुर्ची घेऊन हजर! त्यांचंही वजन झालं.

एवढं सगळं जमायचं, आणि शेवटी काका मान हलवायचे. "नाही. पुढे लोड कमी पडतोय. बोट नाक वर करेल."

पुढे काकू. आदल्या वर्षी त्यांचं मोठं आजारपण झालं होतं. ऑपरेशन, मग महिनोन् महिने औषधं. आधीच्या काकू म्हणजे हसल्या की वरच्या मजल्यावर कळायच्या. आता निम्म्या उरल्या होत्या, साडीत हरवल्यासारख्या वाटायच्या. आणि काकांचं म्हणणं, पुढच्या सीटवर पन्नास किलो पाहिजेत म्हणजे पाहिजेत. काकू भरायच्या चव्वेचाळीस.

मी एकदा सरळ उपाय सुचवला. "काका, काकूंच्या मांडीवर तांदळाची पिशवी ठेवू. हाय काय आणि नाय काय!"

काका असे भडकले की विचारू नका. "मेल्या, जिवंत लोड आणि डेड लोड यातला फरक कळतो का तुला? बोटीला फसवतोस होय?"

मग सगळी बिल्डिंगच काकूंच्या मागे लागली. माझी बायको साजूक तुपातला शिरा घेऊन जायची. "काकू, खा हो, बोटीसाठी." इजिप्शियन बाई खजूर आणि बदाम आणायच्या. रत्नागिरीचे मुकादमभाई, ज्यांचं मत्र्याच्या बाजारात जाळी-गळांचं दुकान होतं आणि खसबच्या नावाड्याशी ज्यांचं बोलणं चाललं होतं, ते जाता-येता ताजी सुरमई टाकून जायचे. आणि मला मात्र सगळीकडे कोरा चहा! कारण मागचा लोड कमी करायचा होता. काकू माझ्याकडे बघून हसायच्या आणि हसता हसता दोन घास जास्त खायच्या. रोज संध्याकाळी आधी काका काट्यावर, मग मी, मग जो कुणी घरात असेल तो, आणि शेवटी काकू. पंचेचाळीस. सेहेचाळीस. मग कितीतरी दिवस सत्तेचाळीसवर गाडी अडली. जानेवारी संपत आला. मुकादमभाई विचारायचे, "काका, इन्शाल्ला कधी?" काका म्हणायचे, "लोड येऊ दे."

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी काकू पदर सावरत काट्यावर चढल्या आणि काका खाली वाकून बघतच राहिले. चष्मा पुसून परत बघितलं. "पन्नास," असं म्हणाले, पण या खेपेला आवाज जिन्यात काय, माझ्यापर्यंतसुद्धा धड आला नाही. मग एकदम ओरडले, "यल्ला! चला, ठरलं!" आणि गॅलरीत जाऊन बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, मुकादमभाईंना फोन लावताहेत.

खसबच्या धक्क्यावर उतरलो आणि मी डोळे चोळले. आमची बोट म्हणजे एक अवाढव्य लाकडी गलबत होतं. वर गालिचे अंथरलेले, तक्के-लोड टाकलेले, पंचवीस-तीस माणसं आरामात लोळतील एवढी जागा. सीट म्हणून एक नाही! मी मुकादमभाईंकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता?" ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून हीच बोट ठरलीय. काकांनीच शपथ घातली होती, घरी कुणाला बोलायचं नाही म्हणून."

मी तडक काकांना गाठलं. ते टोकाला उभं राहून गळाला बांगड्याचा तुकडा लावत होते. "काका, ही बोट आम्ही सगळे एका बाजूला नाचलो तरी हलायची नाही. गच्चीवर सहा महिने मला कशाला झुकवलंत?"

काकांनी मान वर केली नाही. "आजारात दवाखान्यात तिला दर खेपेला काट्यावर चढवायचे आणि दर खेपेला आकडा खाली. मग तिने काट्याचा धसकाच घेतला. घरी काटा आणला तर मोरीत जाऊन रडत बसली. डॉक्टर म्हणाले होते, पन्नास भरली की कुठेही घेऊन जा. आता एकटीला कशी उभी करू मी? सगळेच चढताहेत म्हटल्यावर तीही चढायला लागली." त्यांनी गळ पाण्यात सोडला. "तुझं ब्याण्णव ऐकून तर तिला फार बरं वाटायचं रे."

मी उगाच डबे उघडायला काकूंकडे गेलो. काकू गालिच्यावर बसून भाकऱ्या मोजून वाटत होत्या. वाऱ्याने गाल लाल झाले होते.

"सांगितलं वाटतं ह्यांनी," त्या हळूच म्हणाल्या. "मला काय कळत नव्हतं? दोन-चार किलोंनी कुठली बोट नाक वर करते! दर्यावर्द्यांच्या घरची मुलगी आहे मी." मग इकडे-तिकडे बघून त्यांनी माझ्या हातात भाकरी ठेवली. "त्यांना बोलू नको हां. त्या दिवशी मी कमरेला खलबत्त्यातला बत्ता खोचला होता. अजून किलोभर कमीच आहे. ते मी वेंगुर्ल्याला जाऊन भरेन. पण ह्यांना पुढची थंडी कुठे होती रे?"

तेवढ्यात टोकाकडून आरोळी आली. "गो, धावत ये! मासो लागलो!"

काकू हात पुसत उठल्या. काकांनी दोरी स्वतः ओढली नाही. काकूंच्या हातात दिली आणि मागून त्यांचा दंड घट्ट धरून उभे राहिले. "सावकाश," ते म्हणत होते, "लोड बघ, लोड बघ."

उभ्या जन्मात काकांचा लोडचा अंदाज एकदाच चुकला, आणि तो त्यांना कधी कळू द्यायचा नाही, असं मी भाकरी खाता खाता ठरवून टाकलं.