सात नंबरची चिठ्ठी

अर्धा तास होत आला तरी बंद खोलीतून आवाज नाही. जज्ज बाईसाहेब किल्ली बोटांत फिरवत दाराबाहेर उभ्या होत्या.

इथल्या कुटुंब न्यायालयात जज्जाच्या खुर्चीत बसलेली ही पहिलीच बाई. आल्या आल्या तिनं दोन खुळं काढली. एक, व्हरांड्यात कुणाचं नाव पुकारायचं नाही. उगाच अब्रूचा पंचनामा नको, चिठ्ठीवर नुसता नंबर द्यायचा. दुसरं, काडीमोड मागणाऱ्या नवराबायकोला आधी अर्धा तास एका खोलीत कोंडायचं. काय भांडायचं ते भांडा, वेळेआधी कुलूप निघणार नाही. वकील फिदीफिदी हसायचे. आज तर वरचे मोठे जज्ज खोली बंद करायचा हुकूमच खिशात घालून आले होते आणि दाराशीच उभे होते.

आणि आजच ही शांतता. शिवी नाही, रडणं नाही, बाक सरकल्याचा आवाज नाही.

"एकानं दुसऱ्याचा गळा तर..." शिपाई पुटपुटला.

"तोंड सांभाळ!" म्हणत बाईसाहेबांनी दाराला कान लावला. आत कुणीतरी लांब, घरघरत श्वास घेत होतं. एकच श्वास. दुसरा नाहीच.

तेवढ्यात जिन्यावरून एक माणूस धापा टाकत आला. "सात नंबर! मी नवरा. उशीर झाला जरा."

शिपाई पांढराफटक पडला. "नवरा तर आत आहे."

"मी इथं उभा आहे की!"

"मग आत कोण आहे?"

बाईसाहेब शिपायाकडे वळल्या. दात आवळून म्हणाल्या, "चिठ्ठी बघितली होतीस ना?"

"बघितली की. सात. काल न आलेला सात नंबर असेल तो. चिठ्ठीवर तारीख कुठं असते? तुम्हीच म्हणालात, नुसता नंबर."

मोठे जज्ज खाकरले. नुसतेच खाकरले, पण हात खिशातल्या हुकुमाकडे गेला.

नवऱ्यानं दारावर धाडकन हात मारला. "ती गप्प आहे? अहो, ती झोपेतसुद्धा मला शिव्या घालते! अगं, अर्ज मागे घेतो, पण बोल काहीतरी!"

पाच मिनिटं बाकी होती. बाईसाहेबांनी स्वतःचाच नियम मोडला आणि किल्ली फिरवली.

बाई बाकावर आडवी, मान लोंबकळलेली. कोपऱ्यात एक परका माणूस, ओठांवर बोट.

"शू! कशाला बोंबलताय? आत्ता कुठं डोळा लागलाय त्यांचा. कुलूप निघणार नाही, भांडायला आपलं माणूसच नाही, आणि बाक एकच, म्हटल्यावर आम्ही पाळीपाळीनं झोपायचं ठरवलं. यांच्यानंतर माझी पाळी होती."

बायको दचकून उठली. "मेल्या, आत्ता येतोस? कुठं उलथला होतास?"

"बोलली!" नवरा मटकन खालीच बसला.

मोठ्या जज्जांनी हुकूम बाहेर काढला. बाईसाहेबांनी मान ताठ केली. पण ते खोली न्याहाळत राहिले. जाड भिंती. एक बाक. मग हळूच म्हणाले, "इथं फोन लागतो?"

"नाही, साहेब."

त्यांनी हुकुमाची घडी घालून तो परत खिशात ठेवला.

"उद्याची एक चिठ्ठी काढा. मला एकट्याला."