टाकीमागे ठेवलेला वाघ

शनिवारी सकाळी साडेदहाला देवव्रतनं गच्चीच्या कठड्यावर बसलेला वाघ मानगुटीला धरून उचलला आणि पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवला. वाघ कापसाचा होता, घरमालकीण सगुणाक्कांचा होता, आणि ऊनपावसात त्याचा एक डोळा गेला होता. बंगळूरच्या बनशंकरीतल्या त्या दुमजली घराच्या गच्चीवर तो कशासाठी बसवलाय, हे वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या देवव्रतनं दोन वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आज तो नको होता, एवढंच. अकरा वाजता ऑफिसची अख्खी टीम व्हिडिओ कॉलवर येणार होती. रानात राहायचे धडे देणाऱ्या माणसाच्या पाठीमागे खेळण्यातला वाघ दिसणं काही बरं नव्हतं.

धडे द्यायची वेळ त्यानं स्वतःच ओढवून घेतली होती. बेळ्ळंदूरच्या ऑफिसात सहलीचा विषय निघाला तेव्हा कुणी रिसॉर्ट म्हणालं, कुणी गो-कार्टिंग. देवव्रत सहज बोलून गेला, "आम्ही सह्याद्रीत हॅमॉक टांगूनच झोपायचो." झोपला होता तो. एकदा. तेही दुपारी, मामाच्या चिकूच्या बागेत, आणि हॅमॉक मामानं टांगला होता. पण मॅनेजर भूमिका नागपूरची. आपला माणूस काहीतरी जाणतो म्हटल्यावर तिला भरून आलं. तिनं तिथल्या तिथे जाहीर केलं, की पुढच्या शनिवारी कनकपुऱ्याकडच्या एका आमराईत सगळे हॅमॉकमध्ये झोपतील आणि त्याआधी, या शनिवारी, बांधाबांध देवव्रत कॉलवर शिकवेल. तेव्हापासून तो जेवताना, दात घासताना, लिफ्टमध्ये, सारखे व्हिडिओ बघत होता.

"अजून वेळ आहे," फोन हातात घेऊन उभी असलेली त्याची बायको सुखदा म्हणाली. "सांगून टाक खरं. फार तर हसतील."

"हसतील आणि विसरणार नाहीत. तू फोन आडवा धर."

अंगणातला फणस गच्चीच्याही वर गेला होता. मच्छरदाणी शिवलेल्या हॅमॉकचं एक टोक त्यानं फणसाच्या जाड फांदीला बांधलं, दुसरं टाकीखालच्या लोखंडी चौकटीला. वरून ताडपत्री ताणायची तर तिच्या मधल्या दोरीला आणखी उंच जागा हवी होती. तशी एकच गोष्ट दिसत होती, टाकीतून निघणारा प्लास्टिकचा पाइप. त्यानं दोरी पाइपला बांधली. सुरगाठ मारायची होती, निरगाठ बसली. पण घट्ट बसली हे महत्त्वाचं.

राहिली खाऊची पिशवी. जनावरांपासून खाणं वाचवायचं तर ते जमिनीपासून बारा फूट उंच आणि बुंध्यापासून लांब टांगावं, असं व्हिडिओतल्या माणसानं बजावलं होतं. तो माणूस अस्वलांच्या देशातला होता. देवव्रतनं सासूबाईंचे बेसनाचे लाडू पिशवीत भरले, दोरी वरच्या फांदीवरून टाकली, पिशवी वर ओढली आणि दोरीचं उरलेलं टोक बांधायला दुसरं काही सापडेना म्हणून ताडपत्रीच्या कडीला अडकवलं.

"लाडू कशाला? दगड भर की," सुखदा म्हणाली.

"खरं वाटलं पाहिजे."

तेवढ्यात जिन्यातून सगुणाक्का कुरडया वाळवायला ताट घेऊन वर आल्या. वय सत्तर, कमरेला पदर खोचलेला. त्यांचे मराठी पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडं आले ते इथलेच झाले.

"हे काय रे, झोळी बांधायलास? आमच्या सगळ्या नातवंडांना मी अशीच साडीची बांधलेली. पण त्यांच्यावर ताडपत्री नव्हती बा."

"अक्का, स्वल्प बाजूला उभ्या राहता? कॉल सुरू होतोय."

"सरी, सरी," म्हणत अक्कांनी कोपऱ्यात कुरडया पसरल्या आणि त्या दाराशी सरकल्या.

अकराला सगळे चेहरे फोनवर उगवले. देवव्रतनं आवाजात जरा जंगल आणलं. ताडपत्री अशी ताणायची, पाऊस असा निथळतो, पिशवी अशी टांगली की कुठल्याही जनावराची टाप नाही हात लावायची. मग तो ऐटीत हॅमॉकमध्ये शिरला आणि मच्छरदाणीची चेन पायापासून डोक्यापर्यंत ओढून घेतली.

"भाई, एकदम प्रो!" टीममधला रोशन फोनवरून म्हणाला.

पहिलं माकड तेव्हा फणसावर आलं. ते खालून आलं नाही. खालून यायचं काही कारणच नव्हतं.

"देवव्रत," सुखदा हळूच म्हणाली, "वर बघ."

"वर ताडपत्री आहे, मला काय दिसणार?"

माकडानं दोरी पाहिली, पिशवी पाहिली आणि विहिरीतून बादली शेंदावी तशी पिशवी वर ओढायला सुरुवात केली. लाडू पोचले. एवढ्यानं भागलं असतं, पण त्याला अख्खी पिशवी पानांत न्यायची होती. दोरी ताणली, तसा ताडपत्रीचा एक कोपरा उचलला गेला. ताडपत्री उतरती झालेली पाहून मागून आलेल्या दोन पिल्लांनी तिची घसरगुंडी केली.

"अय्यो!" अक्का ओरडल्या. "माझा वाघ कुठं गेला? कठड्यावर वाघ होता की!"

"टाकीमागे!" मच्छरदाणीतून आवाज आला.

"टाकीमागं बसून तो काय राखण करणार? माकडांना दिसावा म्हणून तर बसवलेला त्याला!"

देवव्रतला दोन वर्षांनी उलगडा झाला, पण उपयोग नव्हता. त्यानं चेन खेचली. चेन मच्छरदाणीच्या कापडात अडकली. त्यानं हिसका दिला तसा हॅमॉक हलला, फांदी हलली, वरचं माकड दचकलं आणि पिशवीसकट टाकीवर उडालं. पिशवीच्या दोरीनं ताडपत्री ओढली आणि पाइपच्या दोरीला एकदम हिसका बसला. निरगाठ खरोखरच घट्ट होती, ती सुटली नाही. पाइप सुटला.

टाकी सकाळीच भरली होती. पाणी धो धो ताडपत्रीत पडलं. ताडपत्रीनंही आपलं काम चोख केलं, एक थेंब गळू दिला नाही. तिचं पोट खाली येत येत देवव्रतच्या नाकाला टेकलं.

"सुखदा! कर ना काहीतरी!"

"काय करू? माझ्यासमोर माकड बसलंय! लाडू खातंय आणि माझ्याकडेच बघतंय!"

ताडपत्रीची कडी तुटली. मग देवव्रत दिसेनासा झाला. नुसतं पाणी दिसलं, आणि त्यातून एक पाय.

"होगो! होग, होग!" अक्कांनी कुरडयांचं रिकामं ताट बडवत माकडांना कन्नडमध्ये हाकललं, टाकीचा कॉक बंद केला, मग झोळीच्या डोक्याशी जाऊन एका झटक्यात फांदीवरची गाठ सोडली. देवव्रत मच्छरदाणीसकट गच्चीवर उतरला, जाळ्यातून काढलेल्या माशासारखा. कोपऱ्यात कुरडया पाण्यावर तरंगत होत्या.

सुखदाच्या लक्षात आलं की तिनं इतका वेळ कॉल चालूच ठेवलाय, आणि तोही छान आडवा.

अक्कांनी चेन सोडवली. देवव्रत निथळत उभा राहिला आणि फोन हातात घेतला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि का कोण जाणे, त्याला हलकं वाटत होतं.

"भूमिका, मला खरं सांगायचंय. मी खोटं बोललो. मला यातलं काही येत नाही. मी आयुष्यात एकदा हॅमॉकमध्ये झोपलोय, तेही दुपारी."

फोनवर टाळ्या सुरू झाल्या.

"देवव्रत, अरे काय डेमो दिलास!" भूमिका म्हणाली. "दोरी पाइपला बांधायची नाही, खाऊ ताडपत्रीला जोडायचा नाही, चेन पूर्ण लावायची नाही. आता आम्ही मेलो तरी विसरणार नाही! स्लाइड दाखवून कुणाच्या डोक्यात शिरलं असतं का?"

"भूमिका, तो डेमो नव्हता. खरंच पाइप तुटला."

"आणि वर हा साधेपणा! बघा, खऱ्या जाणकाराचं असंच असतं. मी एचआरशी बोलते. डिसेंबरमध्ये अख्ख्या ऑफिसचा कॅम्प करू. दीडशे माणसं, सगळं तू बघायचंस. आणि त्या काकूंना थँक्स सांग, काय टायमिंग होतं त्यांचं!"

"अगं ऐक ना..."

कॉल संपला. हसू दाबायला पदर नव्हता म्हणून सुखदानं तोंडात ओढणी कोंबली होती.

"काय म्हणाली रे तुझी मॅडम?" अक्कांनी तरंगणारी एक कुरडई उचलत विचारलं.

"खरं सांगितलं अक्का, पण तिला पटेना. आता दीडशे माणसांना शिकवायचंय." तो पायरीवर मटकन बसला. "तुम्ही येता का माझ्याबरोबर?"

अक्कांनी दोरी हातात घेऊन त्याची निरगाठ निरखली, नखानं उकलून बघितली, आणि मान हलवली.

"येते की. पण बांधायचं सगळं मी बांधणार. तू नुसतं बोल. ते तुला चांगलं येतंय."